चूल बंद, दिवा चालू

उत्रोलीत लाइट गेली की लोक माझ्या दारात येतात. "वैनी, कवा यायची वो लाइट?" मी वीज कंपनीत आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक. ती कंपनी अमेरिकेतली आहे, वीज आणि गॅस दोन्ही पुरवणारी, भली थोरली, तिचा आणि आपल्या डीपीचा काडीचा संबंध नाही, हे मी घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. उपयोग शून्य. शेवटी मीही "येईल तासाभरात" असं ठोकून द्यायला लागले. बरेचदा ते खरं ठरतं, त्यामुळे माझा मान आणखी वाढलाय.

त्या कंपनीचं थोडं काम पुण्यातल्या एका ऑफिसने घेतलंय आणि त्यातलं चिमूटभर मी घरून करते. सकाळी दहाला लॅपटॉप उघडायचा. तिकडे तेव्हा रात्र असते. ज्या घरांच्या मीटरबद्दल कॉम्प्युटरला शंका येते, ती घरं माझ्यासमोर येतात. कुणाचा गॅस एकदम वाढलेला, कुणाची वीज एकदम कमी झालेली. प्रत्येक घराला चार मिनिटं. मग तीनपैकी एक बटण दाबायचं: घर रिकामं, थांबा, किंवा माणूस पाठवा. घर रिकामं म्हटलं की काही दिवसांनी पुरवठा तोडतात. माणूस पाठवा हे जपून वापरायचं, कारण उगाच पाठवला तर वरून विचारणा होते. उंटावरून शेळ्या हाकायचं काम, दुसरं काय. पण मला ते आवडतं.

का आवडतं तेही सांगते. हे गेले त्याला तीन वर्षं झाली. मुलगा बंगळुरात, रविवारी फोन करतो. बाकी दिवसभर घरात मी एकटी. लोक म्हणतात, सवय होते. कसली डोंबलाची सवय! मला एकटं राहणं जमत नाही, अजिबात जमत नाही, आणि हे सांगायची लाज वाटते. कुकरची शिट्टी झाली की मी मोठ्याने "एक" म्हणते, नुसतं घरात कुणीतरी बोलावं म्हणून. तर अशा बाईसमोर रोज शंभर घरं उघडी पडतात. कोण कधी उठलं, कधी आंघोळीचं पाणी तापवलं, सगळं दिसतं.

त्यातल्या एका घराचा मला लळा लागला. एकदा मीटरच्या बिघाडावरून समोर आलं, बिघाड निघाला नाही, पण मी ते सोडलं नाही. कारण नसताना खातं उघडणं नियमात बसत नाही. मी रोज उघडायची. खातं नवराबायकोच्या नावावर, फार जुनं. तिकडच्या सकाळी सहाला आलेखावर गॅसची एक छोटी उसळी, चहा असणार नाहीतर कॉफी. बाराला एक. संध्याकाळी साडेपाचला मोठी, रात्रीचा स्वयंपाक. वर घर तापवण्याचा गॅस वेगळा, संथ. घड्याळ लावून घ्यावं इतकी शिस्त. मी इकडे दुपारचा चहा ठेवताना म्हणायची, "उठल्या का बाई?" त्या बाईच उठत असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला, तिकडची थंडी ओसरत आली होती, एका सकाळी खातं उघडलं तर गॅस शून्य. स्वयंपाकाचाही नाही, घर तापवायचाही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते घर रीतसर माझ्या यादीत आलं. कॉम्प्युटरचं म्हणणं होतं, घर रिकामं. पण विजेची एक बारीक रेघ होती, सरळ, दिवसरात्र न तुटणारी. फ्रिज आणि वर एखादा दिवा, एवढीच.

आता माझं माहेर वेल्ह्याकडचं. आमच्याकडे मयत झालं की त्या घरात चूल पेटवत नाहीत. भावकीतली घरं पाळीपाळीने पिठलं-भाकरी आणतात, समोर बसून खाऊ घालतात. आणि जिथे माणूस गेलं तिथे दिवा लावतात, तो दहा दिवस विझू देत नाहीत. हे गेले तेव्हा शेजारच्या आक्का परातीत भाकऱ्या घेऊन आल्या होत्या, आणि मी नको नको म्हणत असताना त्यांनी घास माझ्या तोंडात कोंबला होता.

चूल बंद, दिवा चालू. मला दुसरं काही सुचलंच नाही. अगं बाई, त्या घरात सुतक आहे! मी पदराने डोळे पुसले आणि "थांबा" दाबलं.

माझ्या टीमची प्रमुख पुण्याची आहे, माझ्या मुलाहून लहान. तिने फोन केला. "काकू, ते घर रिकामं दिसतंय. रिकामं नाही तर मग माणूस तरी पाठवायचा. थांबा कशासाठी?"

"सुतक आहे त्या घरात," मी म्हटलं.

ती हसली. "अहो काकू, अमेरिकेत कसलं सुतक?"

"माणसं मरत नाहीत का अमेरिकेत?" मी ताडकन म्हटलं. "घरात मयत झालेलं असताना दारात मीटरवाला उभा करायचा? काही रीतभात?" "बरं काकू," ती बिचारी म्हणाली. वयाचा मान ठेवला तिने, आणि तिथेच घोटाळा झाला.

मी दिवस मोजायला लागले. रोज खातं उघडायचं, शून्य बघायचं आणि मनात म्हणायचं, आज कुणी आणलं असेल जेवण? दहावा झाला. तेरावा झाला. चौदाव्या दिवशी मी जरा लवकरच बसले, आता गोडाचं जेवण होऊन चूल पेटली असणार म्हणून. शून्य. पंधराव्या दिवशी शून्य. सोळाव्या दिवशीही शून्य दिसलं तेव्हा मी "माणूस पाठवा" दाबलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीने पाठवलेल्या माणसाचं टिपण आलं. मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. घरात वृद्ध गृहस्थ एकटे. तळघरातला गॅसचा कॉक बंद. पत्नीने दवाखान्यात जाताना बंद केला, पत्नी परत आली नाही. कॉक कुठे आहे हे गृहस्थांना माहीत नाही. घर गार, गृहस्थ स्वयंपाकघरात कोट घालून बसलेले. कॉक उघडून दिला, शेगडी चालू करून दाखवली. आणि शेवटची ओळ: अंत्यविधीनंतर घरी आलेला पहिला माणूस मीच, असं गृहस्थ म्हणाले.

म्हणजे सुतक होतं. माझा अंदाज खरा होता! घराबाहेर पडताना कॉक बंद करणारी बाई होती ती, माझ्यासारखीच. फक्त भाकऱ्या घेऊन कुणी आलंच नव्हतं.

टीमप्रमुख फोनवर म्हणाली, "काकू, बरोबर होतात तुम्ही. रिकामं टाकलं असतं तर पुरवठाच तोडला असता." ती मनापासून म्हणत होती. मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला.

दुपारी आक्का आल्या, मेथीची भाजी निवडायला घेऊन. माझं तोंड बघून म्हणाल्या, "काय झालं वो? रडलाय जनू." मी सगळं सांगितलं. त्यांना अमेरिका कळत नाही, मीटर कळत नाही, पण कॉक आणि म्हातारा बरोबर कळला.

"सोळा दिस?" त्या म्हणाल्या. "गारठ्यात? आन् कुनी गेलं न्हाई?"

"कुणी नाही."

"पर तुमी तर रोज बगत व्हता म्हनता."

"रोज बघत होते."

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली. रागावल्या नव्हत्या, त्यांना खरंच उलगडत नव्हतं. "मंग कुनाला तरी धाडायचं की वो."

"धाडता येत होतं, आक्का. एका बटणाचं काम होतं," मी म्हटलं. "मला वाटलं, शेजारी असतील."