मी तिला शिलाईवाली म्हटलं

दोन वर्षं मी घरात खोटं बोलून प्रार्थनेला जात होती. रविवारी सकाळी ‘पंडरीच्या कापडबाजारात ब्लाउजपीस पाहून येते’ म्हणायचं आणि चर्चमध्ये जाऊन मागे बसायचं. आमचं घर ब्राह्मणपाऱ्यातलं, म्हणजे ब्राह्मणवस्तीतलं, सोवळ्याओवळ्याचं. सासूबाईंना कळलं तर त्या मला घरात ठेवणार नाहीत, याच भीतीनं मी अर्धी झाली होती. नवऱ्याला ठाऊक होतं, पण तो आईपुढे तोंड उघडेल तर शपथ.

चर्चला मला नेलं एका नर्सदीदीनं. नवरा दवाखान्यात होता तेव्हा ती माझ्याजवळ बसून त्याच्यासाठी प्रार्थना करायची. येशूपुढे डोळे मिटले की मला कोणाचीच भीती वाटत नसे. बाहेर आली की पुन्हा भित्री भागूबाई.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घर बायकांनी भरलेलं. दोन रविवार मी दिसली नाही म्हणून दीदी चौकशीला आली, ती नेमकी तेव्हाच. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. सासरे गेल्यापासून हळदीकुंकवाला त्या बाहेर येत नसत.

“कोण आली वं?” त्यांनी आतूनच विचारलं.

“शिलाईवाली आहे,” मी म्हटलं.

“मग उभी काहून ठेवली तिले? कुंकू लाव.”

दीदीचा नवरा वारलेला. मला माहीत होतं. तरी मी करंडा उचलला. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चार बायकांत माझी फजिती नको म्हणून कपाळ पुढे केलं. तिळगूळ घेऊन गेली बिचारी. जळली माझी जीभ.

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. रविवारी सासूबाईंसमोर बसली आणि चर्च, दीदी, कुंकू, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, घराबाहेर काढलं तरी चालेल, पण मी प्रार्थनेला जाईन.

चर्चबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

“तिचा नवरा नाही, हे तुले माहीत होतं?”

“हो.”

“अन् माह्या भीतीनं लावलं?”

मी होकारार्थी मान हलवली.

“इतके वर्षं हळदीकुंकवाच्या दिवशी मी आत बसून राहिली. ते सोसलं मी,” त्या म्हणाल्या. “पण घरातली सून मले इतकी भेते, हे नाही सोसत. जा आता, उशीर होऊन राहिला तुले.”

त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं सांगून चर्चला निघाली. रस्ताभर मला स्वतःची लाज वाटत होती, दीदीपुढेही आणि सासूबाईंपुढेही.