धावपट्टीवरचं खळं

आमच्या मुरबाड तालुक्यात विमानतळ आहे असं सांगितलं की कल्याणचे माझे मित्र हसतात. हसू देत. सावरपाड्याच्या माळावर तो होता आणि आजही आहे. लढाईच्या काळात बांधलेली एक धावपट्टी, तिच्या बाजूला विमानं उभी करायला ओतलेली काँक्रीटची लांबरुंद फरशी, एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि कायम कुलूप लावलेली एक खोली. वर्षाकाठी दोन-तीनदा शिकाऊ वैमानिकांचं एखादं छोटं विमान उतरायचं. बाकीचे दिवस हा सगळा सरकारी पसारा भिमीबाईच्या ताब्यात असायचा.

ताब्यात म्हणजे कागदोपत्री नव्हे. तिचा नवरा रामा तिथला रोजंदारीवरचा राखणदार. विमान येणार असलं की धावपट्टीवरची गुरं हाकलायची, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं त्यानं ते केलं, पण हजेरीपटावर त्याचं नाव कधी चढलं नाही. तो गेला, आणि आठवड्याच्या आत एक विमान आलं. तेव्हा काठी घेऊन भिमीबाई उभी होती. तिला कोणी नेमलंच नव्हतं, त्यामुळे तिला काढून टाकायचाही प्रश्न कधी आला नाही.

तिचं खरं राज्य फरशीवर होतं. भात कापून झालं की झोडायला, वारवायला आणि वाळवायला खळं लागतं. जमीन चोपायची, शेणानं सारवायची, म्हणजे चार दिवस कंबर मोडून घ्यायची. सावरपाड्याला ती कटकट नव्हती, कारण फरशी आयती होती. चाळीस घरांचं भात तिथं यायचं, आणि कोणी कुठे, कोणत्या दिवशी झोडायचं हे भिमीबाई ठरवायची. राखेच्या रेघा ओढून ती फरशीचे वाटे पाडायची. ज्याची कापणी आधी, त्याचा वाटा आधी. मग तो कुणब्याचा असो की तिच्या बुद्धवाडीतला. तिच्या सासूला ज्यांनी खळ्याच्या कडेलासुद्धा उभं केलं नव्हतं, त्यांची नातवंडं आता तिला विचारून भारे उतरवायची. तिला याची फार मजा वाटायची, आणि ती ते लपवायचीही नाही. वारवायच्या वेळी खांबावरच्या पिशवीकडे बघून ती हुकूम सोडायची, "वारा ओढ्याकडनं हाय, तोंडं फिरवा गो!" सगळ्या बाया सुपांसकट फिरायच्या. त्या पिशवीचा इतका चोख उपयोग एकाही वैमानिकानं केला नसेल.

मी भूमी अभिलेख खात्यातला मोजणीदार. सत्त्याण्णव साली सरकारनं ठरवलं की धावपट्टी ठेवायची, पण तिच्या भोवतालची सरकारी जमीन प्लॉट पाडून उद्योगधंद्यांना तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यायची. गोदामं येतील, कारखाने येतील, माळाचं सोनं होईल, वगैरे. अशा योजनांचे नकाशे काढण्यात माझे केस पांढरे झाले. सोनं कुठे दिसलं नाही. पण नोकरी ती नोकरी. साखळी घेऊन मी फरशीवर पाऊल टाकलं, आणि मागून आवाज आला.

"बूट!"

मी वळलो. साठीला टेकलेली एक काटक बाई माझ्या पायांकडे बघत होती.

"खळ्यावर बूट घालून चढतोस? कोनाचा रे तू?"

"टोकावड्याच्या धाऊचा. अनिल."

"म्हंजे शेतकऱ्याचा पोरगा. आनि तुला हे मी सांगायचं?"

मला खरंच लाज वाटली. खळ्यावर पायताण घालू नये हे मी लहानपणी बापाची थप्पड खाऊन शिकलो होतो, आणि सरकारी पगारात विसरलो होतो. तीन दिवस मी अनवाणी मोजणी केली. ओढ्याच्या बाजूनं सुरुवात करून एकूण अकरा प्लॉट पाडले. ओढ्यालगतची फरशी पहिल्या प्लॉटमध्ये आली.

तिसऱ्या दिवशी भिमीबाई नकाशावर वाकून म्हणाली, "ही फरशी कोनाला जानार?"

"जो अर्ज करेल त्याला, मावशी."

"मंग मी करते."

मी हसलो. म्हटलं, "त्याला धंदा लागतो."

"हा धंदाच हाय. तुला काय वाटलं, चाळीस घरं हितं लंगडी खेळायला येतात?"

मी नियम पुन्हा वाचले. स्थानिक महिलांच्या गटाला अर्ज करता येत होता. मोजणीदारानं कोणाचा अर्ज लिहून देणं बरं नव्हे, हे मला ठाऊक होतं. तरी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी फरशीच्या कडेला फॉर्म घेऊन बसलो. भिमीबाईनं पाच बाया जमवल्या होत्या. धंद्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'धान्य वाळवणी, प्रतवारी व भरडणी केंद्र', आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"येवढं सगळं आमी करतो?" बाईजा नावाच्या म्हातारीनं चकित होऊन विचारलं.

"करतो तर!" भिमीबाई म्हणाली. "नाव म्हाईत नव्हतं इतकंच."

आमच्या शेजारीच एका घरच्या भाताचं माप चाललं होतं. रास पायलीनं मोजत होते. मी शेवटच्या रकान्याशी आलो.

"प्लॉट कितवा आपला?" कोणीतरी विचारलं.

"लाभ," भिमीबाई म्हणाली, आणि मी लिहिलं: 'लाभ'.

आता हे ज्यांनी भात पिकवलेलं नाही त्यांना सांगायला हवं. खळ्यावर मोजताना आम्ही 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. रास भरभरून निघावी म्हणून. मी पदवीधर माणूस, सरकारी मोजणीदार. पण माप कानावर पडत होतं, पायाखाली खळं होतं, आणि पेन चाललं. फॉर्म मी पुन्हा तपासला. सगळं बरोबर वाटलं.

महिन्याभरानं ठाण्याच्या कार्यालयातून पत्र आलं. प्लॉट क्रमांक नमूद नसल्याने अर्ज अपूर्ण समजण्यात येत आहे. त्याच प्लॉटसाठी एका गोदामवाल्या कंपनीचा अर्ज आला होता, आणि तो अगदी पूर्ण होता. साहेब स्थळपाहणीला येऊन निर्णय देणार होते.

ते पत्र घेऊन मी भिमीबाईकडे गेलो. मी सगळं सांगितलं, चूक माझी असंही सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"घरं काय, पुन्ना शेनानं खळी सारवतील," ती म्हणाली. "मी कुटं जाऊ रे? गुरं हाकलायचं काम माझ्या नावावर नाय. फरशी माझ्या नावावर नाय. ह्यांनी भिंत घातली का मी रस्त्यावरची बाई."

त्या दिवशी मला स्वतःचा जितका राग आला, तितका पुन्हा कधी आला नाही.

साहेब डिसेंबरात आले. पस्तिशीचे, चष्मा लावलेले, बोलायला मऊ. सोबत फाइल धरलेला कारकून आणि टाय लावलेला कंपनीचा माणूस. फरशीवर झोडणी जोरात होती. भिमीबाईनं तिघांनाही बूट काढायला लावले. साहेबांनी निमूट काढले, कारकुनानं कुरकुरत काढले, आणि कंपनीचा माणूस मोज्यांत उभा राहून थंडीनं पाय अदलाबदल करू लागला.

"आजी, प्लॉटचा नंबर का नाही लिहिला?" साहेबांनी विचारलं.

"लिवलाय."

"लाभ म्हणजे काय नंबर?"

मी पुढे होऊन समजावणार होतो, तिनं मला हातानं मागे सारलं. पायली उचलली आणि साहेबांच्या हातात दिली.

"येवढ्या राशीचं माप घाला. मोट्यानं मोजा. मंग सांगते."

साहेबांना गंमत वाटली असावी. बाह्या सारून ते राशीशी उकिडवे बसले. पायली भरली, पोत्यात ओतली आणि म्हणाले, "एक."

"अरे अरे अरे!" सगळं खळं एकदम ओरडलं. झोडणारे थांबले. बाईजानं साहेबांच्या हातातली पायली हिसकावली, पोत्यातलं भात परत राशीवर ओतलं आणि म्हणाली, "एक म्हनून रास आटवता काय आमची? लाभ म्हना!"

जिल्ह्याच्या साहेबांना असं कोणी कधी झापलं नसावं. त्यांनी खाली मान घालून पायली पुन्हा भरली.

"लाभ," ते म्हणाले. मग थांबून भिमीबाईकडे बघितलं. "पुढे?"

"दोन."

"दोन," साहेब म्हणाले. "तीन. चार." माणूस रंगात आला. चौदा पायल्या होईपर्यंत उठला नाही. मग गुडघ्यावरचा कोंडा झटकत कारकुनाला म्हणाला, "लाभाच्या पुढे दोन येतात. मग लाभ किती?"

"एक, साहेब."

"अरे अरे!" बाया कारकुनावर ओरडल्या, आणि साहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी फाइलवर शेरा मारला: 'लाभ म्हणजे एक. स्थळपाहणीत स्वतः खात्री केली. अर्ज पूर्ण.'

उरला कंपनीचा अर्ज. तो मोज्यांतला माणूस मघापासून इकडेतिकडे बघत होता. त्यानं मला हळूच विचारलं, "हायवे कुठे आहे?"

"तो तिकडे, अकरा नंबरच्या पलीकडे."

"पण प्लॉट एक म्हणजे रस्त्यालगत असणार ना?"

मी त्याला सांगितलं की मी ओढ्याकडून मोजत आलो. त्याच्या चेहऱ्यावर जे सुटकेचं हसू आलं ते मी विसरणार नाही. त्यांच्या ट्रकांना रस्ता हवा होता. पहिला नंबर म्हणजे पुढचा प्लॉट, असं धरून त्यांनी मुंबईत बसून अर्ज भरला होता. तो साहेबांना म्हणाला, "आम्हाला अकरा द्या." अकरासाठी अजून कोणाचाच अर्ज नव्हता. तो जवळजवळ पळतच बुटांपाशी गेला.

पुढे कागद हलायला सव्वादोन वर्षं लागली, सरकारी वेगानं म्हणजे लवकरच. गोदाम उभं राहिलं, त्याच्याशेजारी फुलं थंड ठेवायचा एक कारखाना आला, बाकीच्या प्लॉटांवर अजून बाभळी आहेत. दोन हजार सालच्या मार्चमध्ये भाडेपट्ट्याचा शिक्का मारलेला कागद घेऊन मी सावरपाड्याला गेलो. दुपारची वेळ होती. खळ्याचा हंगाम संपला होता आणि फरशीवर भिमीबाई एकटीच झाडत होती.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. 'भाडेपट्टाधारक: श्रीमती भिमाबाई रामा जाधव व इतर पाच.'

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"रामाचं नाव आलं का रे त्यात?"

"आलं मावशी. तुमच्या नावामागे आहे ना."

मी त्या नावावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा तिनंही तिथं बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

"मंग आता मला हितून कोन उठ म्हननार नाय?"

"तीस वर्षं तरी नाही."

"सायेब आला तरी?"

"कोणीही आला तरी."

"मंग बसते जरा," ती म्हणाली. केरसुणी बाजूला ठेवून ती फरशीच्या मधोमध पाय लांब करून बसली. इतक्या दिवसांत मी तिला तिथं बसलेली पहिल्यांदाच पाहत होतो.