हडपसरचं मागणीपत्र

पत्रिका लग्नाच्या पत्रिकेसारखी होती, म्हणून आधी मी लग्न कुणाचं ते शोधत बसले. वर ‘सहकुटुंब सहपरिवार’ होतं, खाली ‘खंडेनवमी’ होतं, पण नवरा-नवरीचा पत्ताच नाही! निमंत्रण होतं पुण्याच्या हडपसरातल्या बॅटरीच्या कारखान्यातल्या कामगार संघटनेचं. बॅटरी म्हणजे आपली हातातली, रात्री ओलिताला जाताना नेतात ती. पुण्यात तिला टॉर्च म्हणतात. आमच्या अकोल्याच्या दुकानात या कारखान्याचा माल माझ्या सासऱ्यांपासून विकला जातो. पण इतक्या वर्षांत कामगारांनी दुकानदाराला जेवायला बोलावल्याचं मी काही ऐकलं नव्हतं. पत्रिकेत सगळं सरळ लिहिलं होतं. चिनी बॅटऱ्या आल्यापासून आमच्या मालाची मागणी घटली आहे. या दिवाळीला दुकानदारांच्या ऑर्डरी आल्या नाहीत तर कंपनी बॅटरीचा विभाग बंद करणार आहे. तरी आपण येऊन माल कसा तयार होतो ते पाहावं आणि राहण्या-जेवणाची सोय आमच्याच घरी आहे.

“पुण्यात जेवायला बोलावलंय?” हे म्हणाले. “घरून पोटभर खाऊन जा.”

दसऱ्याची दुकानातली पूजा यांना चुकवता येत नव्हती, म्हणून हे राहिले आणि मी निघाले. खरं सांगू का, मला निघायचंच होतं. काउंटरच्या मागे उभं राहून राहून माणसाचं सगळं जग समोरच्या चपलांच्या दुकानाएवढं होतं.

ट्रॅव्हल्सच्या गाडीत रात्रभर कुठल्याशा सिनेमात मारामारी चालू होती. सकाळी ड्रायव्हरने स्वारगेटला उतरवलं तेव्हा माझी मान वाकडी आणि डोळे लाल. स्वारगेट म्हणजे बाप्पा! सगळीकडून बसच बस, आणि त्यांच्यामधून स्कूटरवरच्या बायका तोंडाला ओढणी बांधून अशा सुटलेल्या की जणू घरात दूध उतू जातंय. पोटात कावळे ओरडत होते. एका हॉटेलात मिसळ मागवली. वेटरने विचारलं, “सँपल?” मी म्हटलं, “नमुना नको, पूर्ण द्या.” त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वाटीभर रस्सा आणून ठेवला. सँपल (मिसळीबरोबर वरून मिळणारा पातळ रस्सा) हा पुण्यात फुकट असतो, हे तिथे कळलं. मिसळ चांगली होती. थोडी गोड होती, पण मी काही बोलले नाही.

बाहेर एका सदऱ्यातल्या गृहस्थांना विचारलं, “अहो, हडपसरची बस कुठे लागते?”

“रस्त्यावर,” ते म्हणाले. मग पुढे जाऊन मागे वळले आणि स्वतःहून मला स्टॉपपर्यंत सोडून गेले, एक शब्द न बोलता. पुणेकर असा असतो, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. मदत करतो, पण तुम्हाला बरं वाटू देत नाही.

बसने हडपसरला जाताना एका बाजूला उसाच्या रसाची गुऱ्हाळं आणि भाजीचा बाजार, दुसऱ्या बाजूला काचेच्या उंच नव्या इमारती. शेजारची मुलगी म्हणाली, तिथे सॉफ्टवेअरचं काम चालतं. त्या काचांवर ढग दिसत होते, माणूस एकही दिसला नाही.

माझी सोय सुमनताई वानखेडे यांच्याकडे होती. बॅटरीचं बटण बसवायच्या टेबलावर त्या लग्न होऊन पुण्यात आल्यापासून काम करतात. दार उघडताच त्यांनी विचारलं, “अकोल्याच्या ना तुम्ही? मी मूर्तिजापूरची!” झालं! पुढचा अर्धा तास पुण्याचं नावसुद्धा निघालं नाही. बुद्धाच्या तसबिरीखाली पाट मांडून त्यांनी मला पाटवडीचा रस्सा आणि भाकरी वाढली. रश्श्याने डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. त्यांची मुलगी प्रणाली आतल्या खोलीत झोपली होती. ती कॉल सेंटरात रात्री अमेरिकेतल्या लोकांच्या तक्रारी ऐकते. “मी दिवसा बटणं बसवते, ही रात्री दाबते,” सुमनताई म्हणाल्या आणि स्वतःच खळखळून हसल्या.

दुपारी कारखान्यावर गेलो. एरवी बाहेरच्या माणसाला आत पाऊल टाकता येत नाही, पण खंडेनवमीला दार सगळ्यांना उघडं असतं. यंत्रांना झेंडूच्या माळा, कामगारांची बायका-मुलं नटूनथटून आलेली, आणि जो तो आपल्या माणसाचं यंत्र दाखवत फिरतोय. आम्ही पंधरा-वीस दुकानदार होतो, लातूरपासून धुळ्यापर्यंतचे. गेटात शिरताच दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या कामगारांनी मुठी वर केल्या आणि आरोळी ठोकली, “दुकानदार एकजुटीचा विजय असो!” लातूरचे शेठजी घाबरून माझ्या मागे सरकले. मला हसू आवरेना. जन्मभर दुकान चालवलं, पण माझ्या नावाने विजय असो कधी कुणी म्हटलं नव्हतं. छान वाटतं हो!

स्वागताला संघटनेचे सरचिटणीस परचुरे उभे होते. किडकिडीत, जाड चष्मा, चेहऱ्यावर हसू नाही. “आपण आलात, बरं झालं,” ते म्हणाले. “चहा झाला असेलच.”

पितळेचा पत्रा आत जातो आणि चकचकीत बॅटरी बाहेर येते, ते सगळं पाहिलं. सुमनताईंनी आपलं टेबल दाखवलं. त्या पूजा करत नाहीत, पण टेबल असं लख्ख पुसलेलं होतं की त्यावर जेवायला बसावं. मग कँटीनमध्ये गुळाची पोळी झाली आणि सभेला सुरुवात झाली. परचुऱ्यांनी आम्हा प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद ठेवला. वर ठळक अक्षरांत होतं: मागणीपत्र.

मी वाचू लागले. आमचा माल दुकानाच्या दर्शनी भागात ठेवण्यात यावा. गिऱ्हाइकाने नुसती ‘बॅटरी द्या’ म्हटल्यास प्रथम आमचीच दाखवण्यात यावी. दुकानदारांनी गिऱ्हाइकासमोर विदेशी मालाची स्तुती करू नये. आणि शेवटी, वरील मागण्या मान्य न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांची जबाबदारी सर्वस्वी आपली राहील.

आता काय म्हणावं या माणसांना! विकायला बसले आणि गिऱ्हाइकालाच दम भरला. पण त्यांचा तरी काय दोष? जन्मात जे काही मिळवलं ते असं कागदावर मागूनच मिळवलेलं. दुसरी भाषा येणार कुठून?

मी उभी राहिले. “परचुरेसाहेब, आंदोलन म्हणजे काय करणार? आम्हाला माल देणार नाही?”

कँटीनमध्ये हशा पिकला. परचुऱ्यांनी चष्मा सारखा केला. “तो मजकूर ठरलेला असतो. ओघात आला.”

“मग आमच्याही मागण्या आहेत,” लातूरचे शेठजी म्हणाले. त्यांना आता धीर आला होता. “कमिशन वाढवा. नि रंग द्या जरा. पोरांना रंगीत पाहिजे असते.” पुढे जी घासाघीस सुरू झाली ती बघायला तिकीट लावायला हवं होतं. कामगार टेबलावर हात आपटत होते, दुकानदार उठून जायचं नाटक करत होते, आणि दोघांनाही आपापलं काम उत्तम येत होतं. रंगाचं काम संघटनेने वर बोलून करून घ्यायचं, असंही ठरत आलं.

तेवढ्यात वीज गेली. बाहेर दिवेलागणीची वेळ, आत मिट्ट काळोख. आणि गंमत बघा, बॅटरी बनवणारी एवढी माणसं बसली होती, पण एकाकडेही बॅटरी नव्हती! जाता-येता गेटवर झडती होते, त्यामुळे खिशात बॅटरी ठेवायची कुणाची हिंमत नाही. मला झडतीचं भय नव्हतं. मी पिशवीत हात घातला, माझी बॅटरी काढली आणि लावली. कँटीनभर पांढरा लख्ख उजेड.

“घ्या!” मी तोऱ्यात म्हटलं. “तुमचाच माल आहे!”

टाळ्या पडल्या. कुणीतरी पुन्हा विजय असो म्हणालं. परचुऱ्यांनी हात पुढे केला आणि मी बॅटरी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली. प्लास्टिकची होती, निळी, हलकी. नाव कारखान्याचंच होतं, अक्षरं तीच, खालची लाल पट्टी तीच.

“सुमन,” ते म्हणाले, “ही आपण कधी बनवली?”

सुमनताईंनी ती घेतली, बटणावरून अंगठा फिरवला. “आपण प्लास्टिकची बनवतच नाही.” मग त्यांनी बुडाशी असलेलं बारीक इंग्रजी डोळ्यांजवळ नेलं. “चीन लिहिलंय.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मला वाटलं होतं, कारखान्याने नवा नमुना काढला! पावसाळ्यात कंपनीचा विक्रीचा माणूस डबे देऊन गेला होता. डब्यावर कारखान्याचं नाव, बिलावर कारखान्याचं नाव. मला काय माहीत, की ही चीनमधून बनून येते आणि वर फक्त कारखान्याचं नाव लावतात? मी हे जसंच्या तसं सांगून टाकलं. धुळ्याचे एक दुकानदार अंधारातून म्हणाले, आमच्याकडेही आली आहे.

“खपते का?” परचुऱ्यांनी विचारलं.

खोटं बोलावं असं फार मनात आलं. पण सगळे माझ्याकडे बघत होते. “खपते,” मी म्हटलं. “उजेड जास्त आहे आणि किंमत निम्मी.”

वीज आली तेव्हा परचुऱ्यांनी एक मागणीपत्र पुढे ओढलं, खिशातलं पेन काढलं, ‘दुकानदार’ शब्दावर रेघ मारून वर ‘व्यवस्थापन’ लिहिलं आणि म्हणाले, “चला. मजकूर फारसा बदलावा लागणार नाही.” सगळे उठले. आम्ही दुकानदारही मागोमाग गेलो, कारण मागे एकटं बसायची लाज वाटत होती.

व्यवस्थापक पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. बॅटरी पाहून त्यांनी बॉक्सचं झाकण लावलं. मग म्हणाले, “कंपनीलाही जगायचं आहे. आम्ही नाही आणली तर दुसरा आणतो. पण एक शब्द देतो. जोवर दुकानदार पितळी बॅटरी मागतील, तोवर हा विभाग चालू राहील.” आणि त्यांनी आमच्याकडे बोट केलं.

अरे देवा! भांडण त्यांचं दोघांचं, आणि निकाल आमच्या गळ्यात. सगळे कामगार वळून आमच्याकडे बघू लागले. आता घोषणा कुणी देत नव्हतं. लातूरचे शेठजी चपला शोधू लागले.

त्या रात्री जेवताना मी सुमनताईंची माफी मागितली. त्या चिडल्या. “तुम्ही काहून माफी मागता वहिनी? कळलं ते बरंच झालं ना? नाहीतर आम्ही इथे माळा घालत बसलो असतो.” मग दारावरच्या दिव्यांच्या माळेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “ती चिनीच आहे. स्वस्त होती, घेतली. मी कोणत्या तोंडाने लोकांना सांगू?” भाकरी पुढे सारली आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले. “पण मला दुसरं काही येत नाही हो. प्रणाली म्हणते, आई, आता घरी बस. घरी बसून मी काय करू? सकाळी उठून कुठे जाऊ?”

मी त्यांचा हात धरून बसले.

दसऱ्याच्या दिवशी परचुरे मला गाडीवर सोडायला आले. हातात आपट्याचं पान दिलं आणि म्हणाले, “सोनं घ्या. ऑर्डर द्या.” गाडी हलेपर्यंत उभे होते, हात मात्र हलवला नाही.

घरी आले ती यांना सगळं सांगतच बसले. हे सगळं ऐकून म्हणाले, “गेल्या वर्षीच्या निम्मी ऑर्डर देऊ. निम्म्याच्या वर खपणार नाही.” हिशेबाने बरोबरच होतं. मी पितळी बॅटऱ्या पुसून पुढच्या काचेत मांडल्या. दुसऱ्याच दिवशी बार्शीटाकळीकडचा एक शेतकरी आला. त्याला आधी पितळी दाखवली. त्याने हातात तोलली, लावून पाहिली, मग निळीकडे बोट केलं. “फरक काय हाये काकू दोघीत?”

इतकी वर्षं विकतेय मी! टिकाऊपणा आहे, पत्रा आहे, बटण आहे, सांगायला शंभर गोष्टी होत्या. आणि तोंडातून काय निघालं, तर “ही बनवणाऱ्या बाईच्या घरी मी जेवून आले.”

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. “चांगलं केलं,” म्हणाला. “मंग ते दुसरी द्या.”

दिली. दुकान आहे शेवटी.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. संघटनेच्या ऑफिसातून सुमनताई बोलत होत्या. इकडची-तिकडची चौकशी झाली, मग आवाज खाली आला. “वहिनी, खपते का हो आमची?”

हे समोरून बोटांनी निम्मी, निम्मी असं खुणावत होते.

“खपते की!” मी म्हटलं. “संपतच आली. गेल्या वर्षीएवढी पाठवा.”

फोन ठेवल्यावर यांनी कपाळाला हात लावला आणि मी काउंटर पुसायला घेतलं. आता त्या पेट्या आमच्या माडीवर छतापर्यंत रचून ठेवल्या आहेत. जिना चढताना हे रोज विचारतात, या कधी संपणार. मी म्हणते, संपतील हळूहळू. तोवर हडपसरात सुमनताई रोज सकाळी कामावर जातात.