दिगंबरचा माइक आणि सोमवारचा अभंग

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे थोडा मसाला लावलाय, पण मसाल्याशिवाय माशांचं हुमण तरी कोण खातं? बरं, आता शपथ घेतलीच आहे तर कबूल करतो, एक थापही आहे. बाकी सगळं खरं!

घरात माइक आला की किस्से आपोआप साचतात, पायरीवर शेवाळ साचावं तसे. आमच्या धारगळच्या भजनी मंडळात पहिला माइक आणला दिगंबरनं. हायस्कुलात क्लार्क, माझा शेजारी, गळ्यानं बरा. ‘बरा’ एवढंच म्हणेन. मी बाबल, हायवेला माझं हार्डवेअरचं दुकान.

दर सोमवारी देवळातून पालखी निघायच्या आधी एक अभंग होतो. पंधरा वर्षं तो मी म्हणत आलो. यंदा कमिटीनं ठरवलं, बाबलचा घसा कधी बसेल सांगता येत नाही, त्यापेक्षा एकदाच चांगलं रेकॉर्डिंग करून ठेवू आणि दर सोमवारी स्पीकरवर लावू. अध्यक्ष म्हणाले, "घरी करून आणा. ज्याचं उत्तम, त्याचं वाजणार. कायमचं!"

मी घरी आलो तो न जेवता बसलो. आमची सौ. सुलभा म्हणाली, "इलेक्शनात पडल्यासारखं तोंड कित्याक केलंय?"

*

दिगंबरनं लगेच खोली सजवली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे ट्रे लावायचे, हे त्याला मोबाइलवर कळलं. हायवेवरच्या ऑम्लेटच्या गाड्यांवरून त्यानं शंभरेक ट्रे गोळा केले. घर शुद्ध शाकाहारी, आईला अंड्याचं नावसुद्धा चालत नाही! दोन दिवसांनी ट्रेंना मुंग्या लागल्या, मुंग्यांमागून पाली आल्या. हा मात्र दार बंद करून, कानाला हेडफोन लावून आत.

मी मुद्दाम चौकशीला गेलो. त्याची आई ओट्यावर बसली होती. म्हणाली, "काय सांगू बाबल! अंडी खाल्ली लोकांनी, आणि खुडूक बसलो आमचो दिगू!"

त्या रात्री मला छान झोप लागली.

*

पण त्याचा माइक होता मात्र जबरदस्त. भिंतीपलीकडे कोणी भाजी चिरली तरी ऐकू यायचं. हाच त्याचा घात! सकाळी सायकलवरून पाव, उंडे विकणारा पोदेर यायचा आणि त्याचा पों-पों नेमका अभंगाच्या दुसऱ्या कडव्यात शिरायचा. दिगंबरनं पोदेराचे पाय धरले. "आठ दिवस आमच्या वाड्यात हॉर्न मारू नको रे!"

पोदेर भला माणूस. हॉर्न न मारता आला आणि तसाच गेला. सगळा वाडा दारात पिशव्या घेऊन उभा, आणि पाव पुढच्या वाड्यात!

चहाच्या वेळी मी सुलभाला विचारलं, "उंडे खंय?"

"आज उंडे नाहीत. दिगंबरचो अभंग बुडवून खा!"

*

मग माझ्या लक्षात आलं की मीही मागे राहून चालणार नाही. माइक नसला तरी मोबाइल होता. कपडे आवाज खातात म्हणे, म्हणून सुलभाच्या साड्यांच्या कपाटात शिरलो आणि दार ओढून घेतलं. आत डांबराच्या गोळ्यांचा वास! बाहेर आमचा पखवाजवाला म्हादू बसला होता. हा मूळ सावंतवाडीकडचा, तीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवून आता पखवाज वाजवतो.

मी सूर लावला, पहिली ओळ सुरेख गेली, दुसरीला नाकात गोळी भिनली आणि अशी शिंक आली की हँगर खाली पडले. दार उघडलं तर म्हादू डोळे मिटून मान डोलावत होता.

"बाबल, गाण्याचा सोड," तो म्हणाला, "पण शिंक बरोबर समेवर इली!"

*

हाच म्हादू दिगंबरकडेही वाजवायला गेला. (होय, दोन्हीकडे! कलावंताला पक्ष नसतो म्हणे.) दिगंबरनं त्याच्या कानाला हेडफोन लावला आणि लय धरण्यासाठी त्यात यंत्राची टकटक सोडली. म्हादूनं चार आवर्तनं वाजवली आणि हात थांबवला.

"ह्यो मधी टकटक कोण करता? तेका सांग, बेताल आसा तो!"

"म्हादूदादा, ते मशीन आहे. त्याच्यामागून जायचं."

म्हादूनं हेडफोन काढून शांतपणे मांडीवर ठेवला. "तीस वर्सां ट्रक चलवलंय. मागच्यान हॉर्न मारल्यान म्हणान मी कदी पुढे पळाक नाय!"

*

एक दिवस घरी आलो तर सुलभा तिसऱ्यांच्या शिंपल्या साफ करत होती. कानात हेडफोन, ओठावर गुणगुण. नीट ऐकलं तर दिगंबरचा अभंग! त्यानं तिला मोबाइलवर पाठवला होता, ‘वहिनी, कसा वाटतो सांगा’ म्हणून.

"कसा काय वाटतो?" मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"कानाशी येऊन बोलल्यासारखा."

"मीही पंचवीस वर्षं तुझ्या कानाशीच बोलतोय!"

"म्हणून तर हेडफोन लावला!"

मी तिसऱ्या खाल्ल्या नाहीत. नंतर खाल्ल्या, पण रागानं खाल्ल्या.

*

शेवटी निकालाचा दिवस आला. सभामंडपात कमिटी बसली, म्हादू खांबाला टेकला, बायका मागे. आधी एक रेकॉर्डिंग लावलं. स्वच्छ, पण सुकं. गाणारा जणू दाताच्या डॉक्टरकडे बसून गातोय.

मग दुसरं लावलं. आवाज असा घुमत होता की जणू गाभाऱ्यातून येतोय. प्रत्येक ओळ संपल्यावर मागे रेंगाळायची आणि मग हळूच विरायची. एका म्हाताऱ्यानं बसल्या जागी हात जोडले. पुजारी घंटा पुसत होता, तो थांबला.

आवाजाला असा घुमारा द्यायला लॅपटॉपवर एक करामत असते, तिला रिव्हर्ब म्हणतात. कुठली लावायची, किती लावायची, यावर या छंदातली माणसं तासन् तास वाद घालतात. दिगंबरचं तोंड उतरलं होतं. सगळ्यांदेखत त्यानं विचारलं, "बाबल, खरं सांग, रिव्हर्ब कुठलो वापरलो?"

मी म्हटलं, "पाण्याची टाकी. नवी, कोरी. आत बसून गायलो. हजार लिटरचो रिव्हर्ब!"

अध्यक्ष म्हणाले, "हाच लागणार. दर सोमवारी."

आता थाप कुठली ते सांगतो. टाकी खरी, हजार लिटर खरे, म्हाताऱ्याचे हात खरे. फक्त विचारणारा मी होतो आणि उत्तर देणारा दिगंबर.

टाकी मात्र माझ्याच दुकानातली, मीच त्याला विकलेली.