नीलाक्काची झडती

नीलाक्का तुमच्या घरी येऊन गेली की तुमची एक वस्तू कमी व्हायची. चोरी नव्हे, खेळ. चहा पिऊन झाला की ती उंबऱ्यात उभी राहायची, दोन्ही रिकामे हात दाखवायची आणि म्हणायची, "सांग, काय गेलं? आन् कुटं हाय?" मग घरातल्यांनी शोधायचं. चमचा असायचा, म्हाताऱ्यांचा चष्मा असायचा, नाहीतर पोराची पेन्सिल. सापडायचं कधीच नाही. लुगडं चापूनचोपून नेसलेलं, केसांचा अंबाडा लिंबाएवढा, लपवायला जागा ती कुठली? शेवटी सगळे हरले की वस्तू कुठून तरी बाहेर यायची आणि सगळं घर हसायचं. मी हसत नसे. मला कामं होती.

मी आमच्या शुक्रवार पेठेतल्या महागाईविरोधी समितीची कार्यकर्ती. पत्रक लिहायचं, छापून आणायचं, चौकात उन्हात उभं राहून वाटायचं, पोलिसांशी भांडायचं. नीलाक्का समोरच्या दोन खोल्यांत राहायची. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत दम न घेता. नवरा मल्लप्पा सरकारी जीपचा ड्रायव्हर. समितीच्या सभेला ती लसूण सोलायला यायची. मी समोर उभी राहून तेलाच्या टंचाईवर घसा कोरडा करायची आणि बायका मागे तिच्याभोवती कोंडाळं करून बसायच्या. आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटायचा. आजही वाटतो. त्यात लाजण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. राबतं कोण आणि माणसं जमतात कोणाभोवती, हा प्रश्न मी सावकार-व्यापाऱ्यांना विचारते, तर नीलाक्काला का विचारू नये?

"तुझं पत्रक लई चांगलं असतंय बघ, पत्रकवाली," ती मला म्हणायची. "त्यात शेंगा बांधल्या की अजिबात फाटत न्हाय."

त्या वर्षी सोलापुरात परदेशी पाहुणे आले. चार-पाच देशांचे अधिकारी, त्यांत दोन बायका. सरहद्दीवर झडती कशी घ्यायची, बंदीचा माल देशाबाहेर जाताना कसा पकडायचा, याचं शिक्षण त्यांना आपलं सरकार देणार होतं. मुंबईच्या बंदरातल्या गर्दीत सराव करता येत नाही म्हणून गावाबाहेरचा एक नाका त्यासाठी निवडला. तिथे एक जुनी बस उभी केली, मांडव घातला, कनात लावली. आता बसमध्ये खोटे प्रवासी हवेत, आणि त्यांतल्या एकाने काहीतरी लपवलेलं हवं. बाई हवी होती. मल्लप्पाने आपल्या बायकोचं नाव सांगितलं.

सराव घेणारे मुख्य साहेब सकाळी तिच्या हाती काचेच्या मण्यांची पुडी देत. हे हिरे समजायचे. दुपारपर्यंत दोन देशांच्या बायका कनातीत तिची झडती घेत. पुडी सापडत नसे. संध्याकाळी नीलाक्का सरकारी जीपमधून बोळात उतरायची, जणू परराष्ट्रमंत्रीच.

"आज त्या उंच बाईनं माझा अंबाडा सोडला," ती सगळ्यांना सांगायची. आफ्रिकेतल्या कुठल्याशा देशाची ती अधिकारी, निळ्या टोपीची. "अंबाडा सोडला, वेणी घालून बघितली, पुन्ना सोडली. म्या म्हनलं, बाई, तेल तरी लाव की! आमच्या गावात तेल मिळत न्हाय, तुझ्या देशात हाय का?"

बायका हसून लोटपोट. पेठेत आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नीलाक्काचा अंबाडा. मी दोन वर्षं रात्रशाळेत इंग्रजी शिकले ती जगातल्या कष्टकऱ्यांशी बोलायला, आणि जगातल्या लोकांशी बोलत होती ही!

एकदा मी विचारलंच, "सापडत कसं नाही गं?"

"हुडकणारा लुगड्याकडं बघत न्हाय. तोंडाकडं बघतो. कुटं हात घालावा त्ये आपलं तोंडच त्याला सांगतंय."

"मग तोंड कसं ठेवायचं?"

"रात्री भाजी कुटली करायची, त्याचा इचार करायचा. खरा इचार हां. भेंडी तर भेंडी."

मुख्य साहेबांची नक्कल ती फार सुरेख करायची. मुंबईहून आलेला शिस्तीचा माणूस. पोट पुढे, हात मागे. "सापडला माल की पंचनामा! दोन पंच बोलवा! कागूद सापडला तर पंचांपुढं मोठ्यांदी वाचा! अक्षर गाळलं की कोर्टात केस उडली, चोर सुटला!" हे ऐकून बायकांनी टाळ्या दिल्या. मी पत्रकाचं गणित जुळवत बसले होते.

कारण प्रश्न गंभीर होता. गोडेतेल जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. रेशनच्या दुकानात डबा उपडा पडलेला आणि बायका बाटल्या घेऊन परत जात होत्या. समोरची जानकीमावशी पोरांच्या भाकरीवर पाण्यात कालवलेली चटणी घालत होती. आणि ज्या नाक्यावर नीलाक्काच्या अंबाड्यात जग हिरे शोधत होतं, त्याच नाक्यावरून कडब्याखाली तेलाचे डबे भरलेले ट्रक दिवसाढवळ्या जात होते. नाक्यावरचा कारकून हात वर करायचा, ट्रक पुढे. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. दोनदा निवेदन दिलं. उत्तर नाही.

म्हणून मी पत्रक लिहिलं. मथळा दिला, "पाहुण्यांनो, ताडपत्री उचला!" खाली चार परखड ओळी. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं पत्रक. हे मी म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणालं नाही.

नाक्यावर जाऊन वाटायचं ठरलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा घरी आला. नीलाक्का चहाला आली, मथळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्ये काय लिवलंय, वाच की." मी वाचून दाखवलं. उठताना ती उंबऱ्यात थांबली. "सांग, काय गेलं?"

"नीलाक्का, मला वेळ नाही."

"बरं," ती म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जणी नाक्यावर गेलो. पोलिसांनी दोर बांधून आम्हाला कडुलिंबाखाली अडवलं. पाहुण्यांपर्यंत एक कागद पोहोचू दिला नाही. पत्रकं हिसकून घेतली. मी ओरडत होते, पण मांडवातल्या पाहुण्यांना वाटलं असेल, हासुद्धा सरावाचाच भाग आहे. एकाने तर वहीत काहीतरी टिपून घेतलं!

मग बसमधून नीलाक्का उतरली. आणि माझ्या लक्षात आलं की तिचं काहीतरी बिनसलंय. भुवया चढलेल्या, ओठ घट्ट, नाकपुड्या फुगलेल्या. समोरच्या शिपायाकडे अशी पाहत होती की जणू त्याने तिचं घर लुटलंय. निळ्या टोपीच्या बाईने एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सरळ कनातीत नेलं. चहाला आधण येण्याआधी बाहेर आली ती हातात कागदात गुंडाळलेली मण्यांची पुडी घेऊन, आनंदाने नाचतच. पहिल्यांदा सापडली होती नीलाक्का!

मुख्य साहेब खूष. पंच म्हणून नाक्यावरचा चहावाला आणि नाक्यावर खोळंबलेल्या गाड्यांच्या रांगेतल्या एका बसचा कंडक्टर उभे केले. साहेबांनी कागद उलगडला आणि त्यांच्या आवाजात माझे शब्द मला ऐकू आले.

"पाहुण्यांनो, ताडपत्री..." साहेब थांबले.

"वाचा की साहेब," नीलाक्का नम्रपणे म्हणाली. "अक्षर गाळलं तर चोर सुटंल न्हवं?"

पाहुणे पेन सरसावून बसलेले, शेजारी इंग्रजीत सांगणारा दुभाषी. साहेबांनी वाचलं. एकेक शब्द, स्वच्छ आवाजात. कडबा, डबे, कारकुनाचा वर होणारा हात, पेठेतल्या रिकाम्या बाटल्या. दुभाष्याने सगळं इंग्रजीत सांगितलं. मी दोराला धरून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे मी वाचायला हवं होतं. मी!

निळ्या टोपीची बाई उठली. इंग्रजीत तिने एवढंच विचारलं, "यांतला कुठला ट्रक?" ती रांगेपाशी गेली, पहिल्याच कडब्याच्या ट्रकची दोरी सोडली आणि ताडपत्री ओढली. दोन पेंढ्या खाली पडल्या. मागे पत्र्याचे डबे उन्हात चकाकले. कारकुनाचा हात त्या दिवशी वर झाला तो घाम पुसायला.

साहेबांनी दुसरा पंचनामा केला, तो खरा. माणूस सचोटीचा होता, तेवढं मी मान्य करते. आठवड्याच्या आत ते तेल पेठेतल्या रेशन दुकानात आलं. जानकीमावशी बाटली भरून घेऊन निघाली, ती आधी कोणाच्या दारात गेली? माझ्या नव्हे.

"सापडलीस कशी गं?" मी नीलाक्काला विचारलं.

"चोराचं तोंड कसं करत्यात त्ये मला ठावं न्हवतं. मग तुझं केलं. तू पोलिसाकडं बगतीस की न्हाय, तसं. यव्वा, गाल दुखले माझे! रोज कसं करतीस तू?"

सरावाला तिला पुन्हा बोलावलं नाही. मल्लप्पाची बदली महिन्याभरात कोकणात झाली. बदलीचं कारण कागदावर नव्हतं, पण पेठेत सगळ्यांना माहीत होतं. मी निषेधाचं पत्रक काढते म्हटलं, तर नीलाक्काने मला गप्प केलं. तिची चिंता वेगळीच होती. "तितं समदे मासे खात्यात म्हनं. मला लिंगायताच्या बाईला कोण जेवायला वाढंल गं?" हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. भेंडीचा विचार त्या वेळी तिला करता आला नाही.

स्टँडवर पेठेतल्या पंचवीस-तीस बायका. रडत होत्या. एखाद्याच्या निरोपाला एवढी माणसं येतात, हे बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही. वाचणाऱ्याला कळलं असेल. एसटीच्या पायरीवर उभी राहून तिने दोन्ही रिकामे हात दाखवले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सांग पत्रकवाली, काय गेलं? आन् कुटं हाय?"

या वेळी मी खेळले. गाडी सुटेपर्यंत तिचा पदर, पिशवी, अंबाडा, सगळं तपासलं. काही सापडलं नाही. ती हसली, कंडक्टरने घंटी मारली. घरी येऊन मी एकेक वस्तू पाहिली. पेन होतं, चष्मा होता, शिक्क्याची डबीसुद्धा होती. काही गेलं नव्हतं.

पुढच्या सभेला खालच्या बोळातली एक नवीन बाई आली. "ताई, नीलाक्काचं पत्रक हाय का एखादं? जावंला दावायचंय."

"नीलाक्काचं?"

"व्हय की. ताडपत्रीचं."

मी एक प्रत काढली. खाली माझं नाव छापलेलं होतं. बाईला अक्षरओळख नव्हती. "वाचून दाखवू?" मी विचारलं.

"कशाला? पाठ हाय की," ती म्हणाली आणि मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून दाखवलं. बाकीच्या बायकांनी मध्ये मध्ये सूर धरला. एक अक्षर कोणी गाळलं नाही.

काय गेलं आणि कुठे आहे, ते मला तेव्हा सापडलं.