नुसतंच चालायला

विलायतेहून परत आल्यावर मला त्रास होणार, हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. आई म्हणाली, आता तुला आपलं तिखट सोसायचं नाही. मामा म्हणाले, याला मांडी घालून बसता येणार नाही. एका काकांनी तर मी मराठी बोलताना अडखळणार अशी पैज लावली होती. यातलं काही म्हणजे काही झालं नाही. पहिल्याच दिवशी ठेच्याबरोबर दोन भाकरी हाणल्या, मांडी घातली, आणि काकांशी भांडलो तेही अस्सल मराठीत. त्रास झाला तो माझ्या संध्याकाळच्या चालण्याचा, आणि तोही मला कमी, परभणीला जास्त. या चालण्यापायी एका माणसाचं वावर हातचं जायची पाळी आली होती. तेच सांगतो.

मी मूळचा बीडकडचा. शेतकीचं शिकायला चार वर्षं तिकडं काढली. परत आल्यावर निजाम सरकारच्या शेतीखात्यानं मला कापसाच्या कामावर परभणीला पाठवलं. गाव नवं, ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. एका पेन्शनर पेशकारसाहेबांच्या घराची पुढची खोली भाड्यानं मिळाली. तिकडं मी ज्या बाईकडं राहायचो, ती संध्याकाळ झाली की सगळ्या भाडेकरूंना हवा खायला बाहेर हाकलायची. पहिल्या वर्षी मला तो अपमान वाटला. पुढं सवय लागली. शेवटी शेवटी तर तासभर पाय मोकळे केल्याशिवाय जेवण गोड लागेना. तीच सवय घेऊन मी परभणीत आलो.

पहिल्याच संध्याकाळी डोक्यावर टोपी, हातात काठी आणि खिशात घड्याळ घेऊन बाहेर पडलो. पेशकारसाहेब ओट्यावर हुक्का ओढत बसले होते.

“कां चले मियाँ?”

“चालायला.”

“चलना तो ठीक है, मगर कां?”

“कुठं नाही. नुसतंच.”

त्यांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “पेट साफ नहीं होता क्या?” मी नाही म्हणेपर्यंत ते आत जाऊन हिरड्याच्या चूर्णाची पुडी घेऊन आले. ते चूर्ण त्यांनी मला पुढं कितीतरी दिवस पाजलं. बिचाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण माझे हाल कुत्रं खाईना.

रस्त्यावर तर विचारूच नका. समोरून येणारा प्रत्येक माणूस थांबायचा. “रामराम साहेब, कुठं निघालाव?” फिरायला म्हटलं की, “फिरायला मंजे कुनाकडं?” एक तांगेवाला तर रिकामा तांगा घेऊन माझ्या मागं मागं घोडं चालवत यायचा. साहेब दमतील, दमले की बसतील, असा त्याचा हिशेब. मी दमेना आणि तो हटेना. शेवटी एक दिवस वळून त्याच्यावर खेकसलो. तर म्हणतो, “गुस्सा नक्को साब, पैसे मत देव, पर बैठ जाव. लोगां मेरेकू नावं रखते.”

मी तापट माणूस. चार दिवसांत माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला. मग एक युक्ती काढली. कुणी विचारलं की, “पिंगळीला,” म्हणून शेजारच्या गावाचं नाव सांगायचं. चूक झाली. पिंगळीला म्हटलं की, कुणाच्या घरी, काय काम, आता या वेळेला परत कसे येणार, माझे साडू तिथंच असतात, त्यांच्याकडं मुक्काम करा, माझं नाव सांगा. एकानं तर बैलगाडी जुंपली. त्यापेक्षा नुसतंच म्हटलेलं परवडलं. खरं सांगू? रागावत होतो खरा, पण तिकडं चार वर्षांत मला कुणी एकदाही कुठं चाललास म्हणून विचारलं नव्हतं. त्या नवख्या गावात माझ्याशी तेवढीच माणसं बोलत होती.

पिंगळीच्या रस्त्यावर, गाव मागं पडल्यावर, एका वावराच्या बांधावर कडुलिंबाचं मोठं झाड होतं. तिथपर्यंत जायचं, काठीनं झाडाच्या बुंध्यावर ठक् ठक् करायचं, घड्याळात बघायचं आणि परत फिरायचं. झाडाला काठी लावणं ही तिकडचीच सवय. कशासाठी, ते मलाही सांगता येणार नाही. इथवर आलो होतो, एवढंच.

त्या वावराचा मालक मला रोज बघायचा. पन्नाशीचा, वाळका, डोक्याला मुंडासं. सुरुवातीला तो हात जोडायचा. मग त्याची बायको ताकाचा तांब्या घेऊन उभी राहायला लागली. मी म्हणायचो, नको, नको, आभारी आहे. मनातून स्वतःवर खूश असायचो, की बघा, सरकारी माणूस असून आपण कुणाचं फुकट ताक पीत नाही. एकदा तर त्यांनी पाय बांधलेली कोंबडी पुढं केली. मी तीही परत केली, आणि वर स्वच्छ कारभारावर थोडं भाषण दिलं. भाषण ऐकताना नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला.

काही दिवसांनी लिंबाच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड दिसला. नवीन देव बसलेला. आता देवाच्या झाडाला काठी कशी मारायची? मी टोपी काढून नमस्कार केला, आणि झाडाऐवजी शेजारच्या हद्दीच्या दगडावर काठी आपटली, घड्याळ बघितलं, परत फिरलो. मागं ज्वारीत कुणीतरी “आई गंऽऽ” म्हणाल्यासारखं वाटलं. काटा मोडला असेल कुणाला, म्हणून मी काही वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. पदर खोचलेला, हातात विळा. नवरा तिच्या मागं.

“एकदाचं सांगून टाका सायब,” ती म्हणाली. “आमचं वावर कवा घेनार हाव?”

“कोण घेणार?”

“तुमी! सरकार! रोज येऊन मोजायलाव, आन् वर इचारायलाव कोन घेनार?”

मी ततपप करायला लागलो. “मोजतोय? अहो, माझ्याकडं जरीब तरी आहे का मोजायला?”

“तुमाला जरीब कशाला लागंल? इलायतेत पावलानंच मोजतेत म्हनं. येकसारखी पावलं टाकत येताव, झाडाला काठी लावताव, घड्याळ बघताव. सरकारला कापसाला जमीन पायजे, हे साऱ्या परभनीला ठावं हाय. देव बसवला तर त्येला बी हात जोडून हद्दीच्या दगडाला काठी लावली! ताक घेईनात, कोंबडी घेईनात. जो काईच घेत न्हाई, त्यो समदंच घ्यायला आलेला आसतोय, येवढं आमाला कळतंय.”

मी कपाळावर हात मारला. आईची शपथ घेतली, देवाची घेतली. म्हटलं, बाई, मी नुसता चालायला येतो हो, नुसता!

“नुसतं?” ती म्हणाली. “नुसतं कुनी चालतंय व्हय? बैल बी नुसता चालत न्हाई.”

मग नवरा पहिल्यांदा बोलला. त्यांच्या वावराला लागूनच त्याच्या चुलतभावाचं वावर. चुलतभाऊ रोज येऊन सांगायचा, सरकार फुकट घेऊन जाईल, त्याच्या आधी मला दे, चार पैसे तरी हातात राहतील. येत्या बाजारच्या दिवशी तहसिलीत जाऊन वावर त्याच्या नावावर करायचं ठरलं होतं. एवढंच एक वावर. बोलता बोलता तो मुंडासं नीट करायच्या निमित्तानं तिकडं तोंड करून उभा राहिला.

मला भयंकर वाईट वाटलं. म्हटलं, आजपासून मी इकडं फिरकणारच नाही, मग तर झालं? आणि खरोखर गेलो नाही. ओट्यावर बसून राहिलो. पेशकारसाहेब खूश झाले, म्हणाले, चूरन लागू पडा. पण दोन दिवसांनी सकाळीच तो शेतकरी चप्पल हातात घेऊन दारात हजर. तोंडावर रक्त नाही.

“सायब, येईना झालाव.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“मंजे मोजनी झाली,” तो म्हणाला. “आता कागद वर गेला आसंल. जाऊ द्या. उद्याच बाजार हाय, उद्या देऊन टाकतो भावाला.”

आता बोला! गेलो तर मोजणी चाललीय, नाही गेलो तर मोजणी संपलीय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्याचा नव्हता. राग आला त्या चुलतभावाचा, जो माझ्या काठीच्या जिवावर भावाचं वावर गिळायला बसला होता. म्हटलं, उद्या सकाळी कुठं जायचं ते जा, पण आज संध्याकाळी वावरात थांबा.

त्या संध्याकाळी मी असा चाललो की लाटसाहेबानंही बघत राहावं. पावलं मोजून मापून. तांगेवाला मागं होताच, त्यालाही येऊ दिलं, तेवढाच रुबाब. लिंब आला. मी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ पुढं चुलतभावाच्या बांधावरच्या बाभळीपाशी गेलो. तो वावरातच होता, धडधाकट, मिशाळ. मी बाभळीवर तीनदा काठी मारली. घड्याळ काढलं. मग झाडाभोवती एक फेरी घातली, मातीचं ढेकूळ उचललं, हुंगलं, आणि “वा! कापसाला फस्क्लास!” असं तांगेवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो. तांगेवाल्याला एवढं पुरे होतं. घोड्याला चाबूक मारून तो जो सुटला तो बातमी घेऊन माझ्या आधी परभणीत.

चुलतभाऊ धावत आला. त्याचं धाबं दणाणलं होतं. “सायब, लिंब तिकडं हाय! तुमी झाड चुकलाव!”

“मी झाड चुकत नसतो,” मी म्हणालो आणि परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी तहसिलीत कुणी गेलं नाही. उलट चुलतभाऊच आपलं वावर घेणारं गिऱ्हाईक शोधत गावभर फिरत होता, आणि त्याला विचारत सुद्धा नव्हतं कुणी. पुढचे चार दिवस मी रोज बाभळीपर्यंत गेलो. काय सांगू, विलायतेत सुवर्णपदक मिळालं असतं तरी मला एवढा आनंद झाला नसता! येता जाता शीळ घालायचो.

पाचव्या दिवशी तो शेतकरी लिंबाखाली माझी वाट बघत उभा होता. बायको बांधावर बसलेली.

“सायब, येक इनंती हाय,” तो म्हणाला. “आता तिकडं बाभळीकडं जाऊ नका. आमच्या लिंबापशीच या, हितूनच फिरत जा.”

“अहो, पण तुमचं वावर? परत भ्यायचं का तुम्हाला?”

“आमाला आता भ्या न्हाई. तुमी बाभळीला काठी मारली, तवाच कळलं. खरी मोजनी करनारा मानूस गरिबासाठी वाट वाकडी करत न्हाई. तुमी नुसतंच चालताव. आमाला ठावं झालं. त्येला न्हाई ना ठावं. चार दिस झाले, त्यो जेवला न्हाई. ल्येकरं घाबरी झालीत त्येची.”

“जेवू नको दे!” मी ओरडलो. “तो तुमच्या तोंडचा घास काढायला बसला होता, विसरलात काय?”

“न्हाई इसरलो. लय वाईट वागला,” तो म्हणाला. “पन ते भ्या कसलं आसतंय ते म्या बघितलंय सायब. वैऱ्याला बी नको. आन् ह्यो तर भाऊ हाय.”

मी बायकोकडं पाहिलं. म्हटलं, ही तरी माझ्या बाजूनं बोलेल. ती विळ्यानं बांधावरचं गवत कापत होती. मान वर न करता म्हणाली, “ऐका त्येंचं. तसेच हायेत ते.”

माझा सगळा राग उतरला. जाग्यावर उभा राहून मला रडू येईल की काय, अशी भीती वाटली, म्हणून मी उगीच घड्याळ काढून बघितलं. मग काठी लिंबाला लावली आणि मागं वळलो. थोडं अंतर गेल्यावर राहवेना, वळून पाहिलं. चुलतभाऊ बाभळीखाली उभा होता. मी त्याच्यापर्यंत न येता परत फिरलो हे बघून तो होता तिथंच मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. आमचा शेतकरी बांध ओलांडून त्याच्याकडं गेला, त्याच्या शेजारी बसला, आणि कमरेची तंबाखूची चंची सोडून त्यानं ती भावापुढं धरली.