डिलिरियममधली किल्ली

“हा डिलिरियम आहे,” डॉक्टर माझ्या नवऱ्याला, अनिरुद्धला, सांगत होत्या. त्या वेळी मी त्यांच्या खांद्यापलीकडून सैन्य जाताना पाहत होते.

झाला होता न्यूमोनिया. साधा खोकला म्हणून आठ दिवस अंगावर काढला. मग सेप्सिस, म्हणजे संसर्गाशी लढताना शरीर स्वतःच्याच अवयवांवर उलटतं. एडिनबरातल्या एका हॉस्पिटलात आयसीयू, व्हेंटिलेटर. नळी निघाली, ताप उतरला, पण मी काही परत आले नाही. डिलिरियम म्हणजे वेड नव्हे. आजारी मेंदू जागेपणी स्वप्नं पाहतो, आणि ती अगदी खरी वाटतात.

माझं स्वप्न अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं होतं. हसू नका. खिडकीबाहेर कापसाची शेतं होती, बर्फ पडून गेल्यासारखी शांत. पंपांची टिकटिक म्हणजे लांबचे ढोल. निळ्या गणवेशातल्या नर्सेस निळ्या, उत्तरेच्या फौजेतल्या. माझं पांघरूण दक्षिणेच्या गणवेशासारखं करडं, म्हणजे मी दक्षिणेची. आमची राज्यं देशातून फुटून निघाली होती, का, तर आमचे गुलाम आमच्याकडेच राहावेत म्हणून. मी एका रुंद व्हरांड्यात तरंगत होते, कमरेला किल्ली, आणि आतल्या गुलाम बाईला सोडवायला येईल त्या शिपायाला सांगत होते, “ती आमच्या घरातलीच आहे हो.”

हे युद्ध कुठून आलं ते मला माहीत आहे.

आमच्या जुळ्या मुली लहान असताना आम्ही नागपूरहून कुसुममावशींना घरकामाच्या व्हिसावर इथे आणलं. ‘आमच्या घरातलीच आहे,’ असं मी सगळ्यांना सांगायचे. एका रविवारी त्यांना शहर दाखवायला नेलं. टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत त्या युद्धात लढलेल्या स्कॉटिश सैनिकांचं स्मारक आहे. वर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष उभे, पायाशी मुक्त झालेला गुलाम. मी ऐटीत सगळा इतिहास सांगितला.

मावशींनी शांतपणे ऐकलं. “सुटला म्हणता, मग तो अजून खालीच काऊन बसला, ताई?”

“मावशी, तुम्ही इथे प्रोफेसर व्हा,” अनिरुद्ध हसत म्हणाला. मीही हसले.

त्याच महिन्यात त्यांची आई आजारी पडली. “मले जाऊ द्या, पंधरा दिवसांत येते,” म्हणाल्या. मला वाटलं, गेल्या की येणार नाहीत. माझी नोकरी नवी होती. मी सांगितलं, पासपोर्ट व्हिसाच्या कामाला क्रॉयडनच्या सरकारी कचेरीत गेलाय.

पासपोर्ट माझ्या कपाटात होता, सणावाराच्या साड्यांखाली, कुलपात. हरवायला नको म्हणून मावशी आल्या त्याच दिवशी मी तो ठेवून घेतला होता. तीन आठवड्यांनी त्यांची आई गेली. अनिरुद्धलाही मी क्रॉयडनच सांगितलं होतं.

घरी सोडताना हॉस्पिटलने मला एक वही दिली. आयसीयूतल्या नर्सेस पेशंटसाठी रोज चार ओळी लिहितात, हरवलेले दिवस जुळवता यावेत म्हणून. तुमचं माणूस आयसीयूत असेल तर त्याचा चष्मा न्या, घड्याळ दिसेल असं ठेवा, आपल्या भाषेत बोलत राहा. आणि अशी वही जरूर मागा. माझ्या वहीत चौथ्या दिवशी लिहिलं होतं: ‘आज तू सारखी कपाटाची किल्ली मागत होतीस. कुणाचं तरी काही परत द्यायचंय म्हणालीस.’

फॉलो-अपला डॉक्टरांनी ती पानं चाळली. “यातलं काहीही घडलेलं नाही,” त्या प्रेमाने म्हणाल्या. “आता सोडून दे.”

“मला तर वाटलं, दागिने वाटायला निघालीस,” अनिरुद्ध म्हणाला.

किती सोपं होतं! भ्रमाच्या खात्यात ढकलून मोकळं व्हायचं.

“एक गोष्ट घडली होती,” मी म्हणाले. तिथेच, मराठीत, सगळं सांगितलं. डॉक्टरांना एक शब्दही कळला नाही. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.  ट्रॅममधून आमच्या स्टॉपवर उतरताना अनिरुद्ध म्हणाला, “मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, केव्हाच नागपूरला परतलेल्या मावशींना फोन लावला. बोलताना धाप लागत होती, तरी थांबले नाही.

“मले माहीत होतं,” मावशी म्हणाल्या. “इस्त्रीच्या साड्या ठेवायले किल्ली तुम्हीच तं देत होत्या.”

“मग घेतला का नाही, मावशी?”

“घेतला असता तं तुम्ही मले चोर म्हटलं असतं.”

म्हटलंच असतं. 

 मग त्यांनी विचारलं, “जेवता ना आता नीट?” माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलंही नाही.

निळ्या गणवेशातल्या माणसांनी मला श्वास परत दिला. त्या चार ओळी लिहिणाऱ्या नर्सचे आभार मानायला मी वॉर्डात जाऊन आले. जाग आल्यावर सगळंच स्वप्न म्हणून पुसायची घाई करू नका, एवढंच सांगेन. ‘घरातलीच’ हा शब्द मात्र मला आता उच्चारवत नाही.